कोलेस्टेरॉल २४८ : गोळीआधी तीन महिने मागून घेतलेत

सांडगे | ४ जुलै, २१:४०

मंडळी, ऑफिसच्या वार्षिक तपासणीत यंदा कोलेस्टेरॉल २४८ आलंय. वय ४६, मुक्काम ठाणे, बैठं काम. बीपी-शुगर नाही, तंबाखू नाही, दारू वर्षातून चारदा (बायको सहादा म्हणते). बाबांची बायपास ६८व्या वर्षी झाली. डॉक्टरीणबाई गोळी लिहायलाच बसल्या होत्या, मी म्हटलं तीन महिने द्या, खाण्याचं बघतो. त्या म्हणाल्या घ्या, पण तीन महिने म्हणजे तीनच. दिवाळीनंतर बघू, पाडव्यानंतर बघू असलं चालणार नाही.

घरची परिस्थिती अशी की आई मूळची गुहागरची. नारळ नसलेली भाजी तिच्या लेखी आजाऱ्याची. बायको वर्ध्याची, तिला तर्री नसली तर जेवल्यासारखं वाटत नाही. मी तटस्थ आहे, म्हणजे दोघींच्या हातचं पोटभर खातो. घोळ बहुतेक तिथेच आहे.

सध्या अंडी बंद केलीत आणि सकाळी लसणाच्या दोन पाकळ्या चावतोय. आणखी काय करू?

रानजाई | ४ जुलै, २२:०५

नुसत्या २४८ वरून काहीच कळत नाही हो. पूर्ण लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलचे सगळे आकडे, टाका. आणि थायरॉइडची टीएसएच तपासणी केलीय का? माझं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, तीन वर्षांपूर्वी १८८ आलं होतं. सहा महिने मी उकडलेल्या भाज्या खाऊन जिवाचे हाल केले, आकडा ढिम्म. मग कुणीतरी थायरॉइड तपासायला सांगितलं. टीएसएच ३१! थायरॉइडची गोळी सुरू झाल्यावर एलडीएल आपोआप १२० वर आलं. सहा महिन्यांच्या उकडलेल्या दुधीची भरपाई कोण देणार?

सांडगे | ४ जुलै, २२:३१

टीएसएच २.४ आहे, म्हणजे ती पळवाट बंद. बाकी आकडे : एकूण २४८, एचडीएल (चांगलं) ३८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २४०, व्हीएलडीएल ४८, एलडीएल १६२. वजन ८१, उंची पाच-सात.

परीक्षानळी | ४ जुलै, २३:१२

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, डॉक्टर नाही, हे आधीच सांगते.

हा रिपोर्ट वाचायची एक युक्ती. व्हीएलडीएल, म्हणजे ट्रायग्लिसराइड वाहून नेणाऱ्या कणांतलं कोलेस्टेरॉल, बहुतेक ठिकाणी मोजलेलं नसतं, ट्रायग्लिसराइडला ५ ने भागून काढतात. २४० भागिले ५ म्हणजे ४८, बघा जुळतंय. एकूणातून एचडीएल आणि हे ४८ वजा केले की एलडीएल. हे १९७२ सालचं फ्रीडवाल्ड यांचं सूत्र आहे. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की ते चालत नाही, मग एलडीएल थेट मोजून घ्यावं लागतं. आणखी एक आकडा स्वतः काढा : एकूण वजा एचडीएल. तुमचा २१० येतो. धमन्यांच्या भिंतीत जाऊन बसणारं जे जे काही आहे ते सगळं यात आलं. हा १३० च्या आत असलेला बरा.

तुमच्याकडे दोन वेगळी दुखणी आहेत आणि दोन्हींना लोक 'कोलेस्टेरॉल वाढलंय' असंच म्हणतात. एलडीएल वाढतं ते मुख्यतः तूप, लोणी, साय, खोबरं, पामतेल, मटणाची चरबी यांनी. ट्रायग्लिसराइड वाढतं ते साखर, मैदा, ढीगभर भात, दारू आणि पोटाच्या घेराने. एकाचं पथ्य करून दुसरं उतरेल अशी वाट बघणारे रोज काउंटरवर भेटतात. 'मॅडम, तेल पूर्ण बंद केलं तरी २६० कसं?' असं विचारतात आणि हातात उसाच्या रसाचा ग्लास असतो.

आजीचा_बटवा | ५ जुलै, ०७:२०

लसूण चालू ठेवा. अर्जुनाच्या सालीचा काढा, मेथीदाणे रात्री भिजवून सकाळी, आणि कोमट पाण्यात लिंबू-मध. आमच्या सोसायटीत चार जणांचं कोलेस्टेरॉल याने उतरलं.

परीक्षानळी | ५ जुलै, ०८:४४

मेथीदाण्यांना माझी ना नाही, त्यात विरघळणारे तंतू असतात. लसणाचा परिणाम असलाच तर किरकोळ. भाजीत घाला, चवीला चांगला. पण मध ही साखरच आहे, २४० ट्रायग्लिसराइडवाल्याला रोज सकाळी अनशापोटी ती कशाला? त्या चार जणांनी त्याच महिन्यात आणखी काय काय बदललं तेही विचारून बघा.

कोकणकडा | ५ जुलै, ०९:१५

आला का नारळावर घाव! आमचे आजोबा ९१ वर्षं जगले, रोज नारळाचं तेल आणि खोबऱ्याचं वाटण. तुमच्या लॅब नव्हत्या तेव्हाही माणसं जगत होती. नारळातलं फॅट वेगळं असतं, ते लगेच जळतं. आता परदेशातले लोक बाटल्या भरभरून पितात आणि आपण बंद करायचा!

गुळपोळी | ५ जुलै, १०:०२

आला, आला! मी पॉपकॉर्न घेऊन बसले. (कोकणकडा, दिवे घ्या, म्हणजे हलक्याने घ्या.)

परीक्षानळी | ५ जुलै, १३:३०

कोकणकडा, मी मालवणची. सोलकढीशिवाय माशाचं जेवण म्हणजे काय शिक्षा असते ते मला शिकवू नका.

पण आकडे आकड्यांच्या जागी. खोबरेल तेल सुमारे ९० टक्के सॅच्युरेटेड (थंडीत गोठणारं फॅट), साजूक तूप ६० च्या वर, पामतेल जवळपास निम्मं, शेंगदाणा तेल २० च्या आत, करडई आणि सूर्यफूल त्याहूनही कमी. 'लगेच जळतं' ते मीडियम चेन, म्हणजे मध्यम साखळीचं फॅट. पण खोबरेलातला मोठा वाटा लॉरिक आम्लाचा, आणि ते शरीरात बरंचसं लांब साखळीच्या फॅटसारखंच वागतं, एलडीएल वाढवतं. एचडीएलही वाढवतं हे खरं, पण त्याने एलडीएलचं पाप धुऊन निघतं असं दिसलेलं नाही.

ओलं खोबरं तेलापेक्षा बरं, त्यात चोथा असतो. तरी १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साधारण ३० ग्रॅम सॅच्युरेटेड निघतं. एलडीएल वाढलेल्या माणसाने दिवसभरात सगळं मिळून १५ ग्रॅमच्या आसपास राहावं म्हणतात. म्हणजे मूठभर खव आणि वर चमचाभर तूप झालं की कोटा संपला. दूध, पनीर, बिस्किटं अजून यायचीच आहेत.

तुमचे आजोबा पाणंदीने रोज किती चालायचे, दुपारी फरसाण खायचे का, बेकरीची खारी खायचे का? त्यांचा नारळ तेवढा आपण घेतला, बाकीचं आयुष्य तिथेच ठेवलं.

कोकणकडा | ५ जुलै, १४:०८

हम्म. आजोबा चपला घालायचे नाहीत, चालायचे मात्र सड्यावरून पार बंदरापर्यंत. मुद्दा अर्धाच मान्य. सोलकढी सोडणार नाही.

परीक्षानळी | ५ जुलै, १४:१५

आठवड्यातून एकदा प्या की. एरवी नुसतं आमसुलाचं सार, बिननारळाचं. आणि बांगडा-तारली सोडूच नका, त्यातलं ओमेगा-३ ट्रायग्लिसराइडला चांगलं. फक्त तळू नका. तव्यावर चमचाभर तेलात नाहीतर तिखलं.

सांडगे | ५ जुलै, २१:५०

आईला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'मालवणची आहे म्हणतेस आणि नारळाचं वजन करतेस?' पण ओल्या खोबऱ्याच्या जागी भाजीत दाण्याचं कूट घालायला तयार झाली, एकादशीसारखं समजून. अंड्यांचं काय?

गुळपोळी | ५ जुलै, २२:४०

अंडी उगाच बळी गेली तुमची. एका बलकात १८०-२०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं हे खरं, पण रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल यकृत स्वतः बनवतं. अमेरिकेने रोजची ३०० मिलिग्रॅमची मर्यादा २०१५ च्या आहार मार्गदर्शक सूचनांमधून काढून टाकली. मी न्यू जर्सीत असते, इथल्या डॉक्टरने मला आठवड्याला चार-पाच अंडी चालतील म्हणून सांगितलं, पण लोण्यात परतून नाही. मधुमेह असेल तर आपापल्या डॉक्टरांना विचारा.

मला स्वतःला फरक पडला तो ओट्सने, आणि सांगायला लाज वाटते, इसबगोलाने! विरघळणाऱ्या तंतूंचं काम असं की ते आतड्यात बुळबुळीत होऊन पित्ताला धरून बाहेर नेतात. यकृताला नवीन पित्त बनवायला कोलेस्टेरॉल लागतं, मग ते रक्तातून ओढून घेतं. ओट्समधलं बीटा-ग्लुकान, म्हणजे असाच तंतू, रोज ३ ग्रॅम लागतं, म्हणजे ७५ ग्रॅमच्या आसपास कोरडे ओट्स. मसाला-पाकिटातले नाही हां, त्यात मीठच जास्त. मी साधे जाडे ओट्स मूगडाळीबरोबर खिचडीसारखे शिजवते, वर फोडणी.

तर्रीदार | ५ जुलै, २३:०५

ओट्स कशाला बाप्पा? आपली ज्वारीची भाकर काय वाईट आहे?

गुळपोळी | ५ जुलै, २३:२०

वाईट काहीच नाही. मैद्यापेक्षा आणि पांढऱ्या भातापेक्षा कधीही बरी, पोटही भरतं. पण ज्वारीतले तंतू बरेचसे न विरघळणारे, बीटा-ग्लुकानच्या कामाचे नाहीत. देशीच हवं असेल तर जव घ्या, त्यात बीटा-ग्लुकान भरपूर. शिवाय राजमा, चवळी, मटकी, वाल, भेंडी, वांगी, पेरू, सफरचंद.

भेंडी-वांग्यावरून आठवलं. टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांनी २००३ साली एक प्रयोग केला. ओट्स, जव, इसबगोल, बदाम, सोया, वनस्पती स्टेरॉलची मार्गरिन, आणि चक्क भेंडी आणि वांगी! चार आठवड्यांत एलडीएल सुमारे २९ टक्के उतरलं, दुसऱ्या गटात स्टॅटिनच्या, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीने ३१. मात्र त्या लोकांना जवळपास सगळं खाणं तयार मिळत होतं. पुढे २०११ मध्ये लोकांना फक्त सल्ला देऊन घरी सोडलं, तर सहा महिन्यांनी १३-१४ टक्केच उतरलं. घरी आई असते ना!

पक्का_पुणेकर | ६ जुलै, १०:११

सगळं वाचलं. कोलेस्टेरॉल हे औषध कंपन्यांनी उभं केलेलं भूत आहे. आधी २४० नॉर्मल होतं, मग २०० केलं, उद्या १५० करतील. शरीराला कोलेस्टेरॉल लागतं. मेंदू त्याचाच बनलाय.

ध्रुवतारा | ६ जुलै, १६:४५

पुणेकर, शरीराला लागतं हे कुणी नाकारलेलं नाही. पण मेंदू स्वतःचं कोलेस्टेरॉल स्वतः बनवतो, रक्तातलं एलडीएल त्याच्या उपयोगाचं नसतं.

कंपन्यांबद्दल म्हणाल तर गोष्ट गमतीची आहे. जपानच्या अकिरा एंडो यांनी सहा हजारांवर बुरश्या तपासल्या. क्योटोतल्या तांदळावर सापडलेल्या एका बुरशीत १९७३ साली पहिलं स्टॅटिन मिळालं. त्यांच्याच कंपनीने ते पुढे गुंडाळून ठेवलं. बाजारात पहिलं स्टॅटिन आलं ते १९८७ मध्ये, दुसऱ्याच कंपनीचं. मधल्या काळात टेक्सासच्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी यकृतावरची एलडीएल पकडणारी ग्राहकं (रिसेप्टर) शोधली आणि १९८५ चं नोबेल मिळवलं. सॅच्युरेटेड फॅट हीच ग्राहकं कमी करतं. सांडग्यांच्या नारळाचा संबंध इथे येतो.

मी फिनलंडमध्ये एस्पूला असते. इथे ही गोष्ट गोळीच्या आधी ताटात घडली. उत्तर कारेलिया नावाचा पूर्वेकडचा भाग, सत्तरच्या दशकात तिथले पुरुष ऐन चाळिशी-पन्नाशीत हृदयविकाराने जात होते. पावावर जाड लोणी, सायीचं दूध, चरबीचं मांस. १९७२ मध्ये पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरच्या हाताखाली काम सुरू झालं. लोण्याऐवजी मोहरीच्या जातीचं रेपसीड तेल, कमी सायीचं दूध, मीठ कमी, सिगारेट बंद. दूधवाल्या शेतकऱ्यांनी केवढा आरडाओरडा केला! मग त्यांतल्या काहींना बेरीच्या शेतीकडे वळवलं. कोणाचं कोलेस्टेरॉल जास्त उतरतं अशा गावागावांत स्पर्धा लावल्या. चार दशकांत कमावत्या वयाच्या पुरुषांमधले हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले. सिगारेट आणि बीपीचा त्यात वाटा आहेच, पण सर्वांत मोठा वाटा कोलेस्टेरॉल उतरण्याचा मानतात.

पक्का_पुणेकर | ६ जुलै, १७:३०

फिनलंडचं फिनलंडला. हेमाशेपो, हे माझं शेवटचं पोस्ट.

(हे यांचं तिसरं हेमाशेपो. - रानजाई)

तर्रीदार | ६ जुलै, १९:५२

सांडगेभाऊ, वहिनी वर्ध्याच्या म्हणता तर घरात जवस नसेल असं होणार नाही. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, सुकी मिरची, लसूण, जिरं, मीठ घालून भरड कुटा. आमच्याकडे भाकरीवर चटणी आणि त्यावर कच्चं जवस तेल ओततात. अख्खे दाणे गिळू नका, जसेच्या तसे निघून जातात. तर्री वरून काढून टाकायची, हे लिहिताना माझा हात थरथरतो आहे.

सांडगे | ८ जुलै, २२:१५

सगळ्यांचं ऐकून ठरवलंय ते असं. सकाळी ओट्स-मूग खिचडी किंवा मटकीची उसळ. पाच माणसांत महिन्याला पाच लिटर तेल लागायचं, ते अडीचवर आणायचं. संध्याकाळचा चहा-खारी बंद. आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत विचारलं तर खारीत वनस्पती तूपच. रात्री जेवून घोडबंदर रोडवर ४० मिनिटं चालणं, पाऊस असेल तर पार्किंगमध्ये.

परवा एकादशी. साबुदाण्याचं काय?

परीक्षानळी | ८ जुलै, २२:४०

वनस्पतीबद्दल : आता कायद्याने त्यातलं ट्रान्सफॅट (तेल कृत्रिमरीत्या घट्ट करताना तयार होणारी वाईट चरबी) २ टक्क्यांच्या वर चालत नाही, जानेवारी २०२२ पासून. तेवढं सुधारलंय. पण ट्रान्सफॅट काढलं की घट्टपणासाठी पामतेलाचा भाग येतो, तेव्हा खारी काही पुण्यवान झाली नाही.

साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, वर तूप, वर बटाटा. ट्रायग्लिसराइड २४० असताना हा उपास कोणाला पावेल? वरीचा भात आणि दाण्याची आमटी, बेताने. नाहीतर सरळ राजगिरा-ताक.

रताळं२९ | ११ जुलै, ००:३५

सगळ्यांची माफी मागून एक विचारते, धागा दुसऱ्याचा आहे. माझं वय २९, वजन ५२, पूर्ण शाकाहारी, योगासनं करते. एलडीएल २४६ आलंय, ट्रायग्लिसराइड ९८, टीएसएच नॉर्मल. आई ४४व्या वर्षी झटक्याने गेली. मी पण ओट्स आणि जवस सुरू केलंय. किती महिने करून बघू?

परीक्षानळी | ११ जुलै, ०७:०५

ओट्स खा, पण वाट बघू नका. याच आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञांना भेटा. बारीक अंगकाठी, ट्रायग्लिसराइड चांगलं, तरी एलडीएल १९० च्या वर, आणि आई ४४व्या वर्षी. हे आनुवंशिक असू शकतं. ध्रुवताराने लिहिलंय ना ग्राहकांबद्दल, काही घरांत ती जन्मतःच कमी किंवा सदोष असतात. साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला हे असतं आणि बहुतेकांना माहीतही नसतं. अशा वेळी आहाराने मिळणारे १०-१५ टक्के पुरत नाहीत, औषध लागतंच. तुमचा काही दोष नाही, तुम्ही काही चुकीचं खाल्लेलं नाही. लग्न झालं असेल आणि मुलाचा विचार असेल तर तेही डॉक्टरांना आधीच सांगा, त्यावरून औषध ठरतं. भावंडं आहेत का? त्यांचंही तपासा. प्रत्येकाला निम्मी शक्यता असते.

रानजाई | ११ जुलै, ०७:३०

रताळं, भेटून आलीस की इथे लिही. एकटी जाऊ नकोस.

सांडगे | ९ ऑक्टोबर, २१:२०

धागा वर काढतोय. आज रिपोर्ट आला. दिवाळीच्या आधीच रक्त देऊन आलो, चकलीनंतर तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

एकूण २०५, एचडीएल ४०, ट्रायग्लिसराइड १४५, एलडीएल १३६. वजन ८१ चं ७६. म्हणजे ट्रायग्लिसराइड धडाधड उतरलं, एलडीएल १६२ वरून फक्त २६ ने. १६ टक्के. तीन महिने इमानदारीने केलं हो. गणपतीत मोदक दोनच खाल्ले, तेही तुपाशिवाय, आणि आईने ते कुळाचाराच्या विरुद्ध असल्याचं सगळ्या नातेवाइकांना कळवलं.

डॉक्टरीणबाई खूश झाल्या आणि तरीही लहान डोसची गोळी लिहिली. म्हणाल्या, पोट उतरलं, शुगरचा धोका लांब गेला, हे तुमचं कमावलेलं. पण तुमचं एचडीएल, वडिलांचं हृदय आणि वय मिळून १३६ मला चालत नाही. मी जरा हिरमुसलो. मग त्यांनी सांगितलं की गोळीचा डोस दुप्पट केला तरी जेमतेम सहा टक्के जास्त उतरतं. तेव्हा तुमचे हे १६ टक्के म्हणजे डोस दोनदा दुप्पट करणं वाचलं. हे ऐकून बरं वाटलं. उद्यापासून सुरू. स्नायू फार दुखले तर लगेच कळवायचं, स्वतःच्या मनाने बंद करायची नाही.

तर्री अजून वरून काढतोय. बायको ती वाटीत वेगळी ठेवते आणि माझ्यासमोर खाते.

गुळपोळी | ९ ऑक्टोबर, २२:०२

१६ टक्के! जेन्किन्स यांनी सल्ला देऊन घरी सोडलेल्या लोकांपेक्षा जास्त. अभिनंदन. आईंना साष्टांग.

कोकणकडा | ९ ऑक्टोबर, २२:४७

मीही तपासलं. कोणाला सांगू नका. एलडीएल १७१. सार करून पितोय.

रताळं२९ | १० ऑक्टोबर, २३:५८

लिहायला उशीर झाला. तुम्ही म्हणालात त्याच आठवड्यात गेले होते. डॉक्टरांनी टाचेमागची शीर दाबून बघितली, कोलेस्टेरॉल साठून जाड झालेली आहे म्हणाले, मला वाटायचं बुटाने होतंय. गोळी चालू आहे, कालच्या रिपोर्टमध्ये २४६ चं ११८ आलं. अजून खाली आणायचंय, दुसरं औषध जोडणार आहेत. भाऊ ३३ चा आहे, तो तपासायलाच तयार नव्हता, 'मला काय झालंय' म्हणे. रक्षाबंधनाला ओवाळणीत पैसे नको, रक्त दे म्हटलं. त्याचं २३१ आलं. शनिवारी त्याला घेऊन जातेय. त्याची मुलगी चार वर्षांची आहे, तिचं कधी तपासायचं तेही विचारणार आहे.

रानजाई | ११ ऑक्टोबर, ०६:४०

शनिवारी किती वाजता आहे ग? माझ्या विचारपुशीत लिही.